तिसऱ्या कडीची जागा

आमच्या पेठेतल्या दूध कट्ट्याला आईनं ठेवलेलं नाव होतं गुत्ता. संध्याकाळी आबा कारखान्यातून यायचे, लेथवरचं काळं तेल साबणानं घासून काढायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि चपला शोधायला लागायचे. आई स्टोव्हपुढं बसल्या बसल्याच म्हणायची, "निघाली स्वारी गुत्त्यावर." आबा चपला पायात सरकवून बाहेर पडायचे. घरात ते फारसं बोलतच नसत. जेवण झालं की "झालं", पाणी हवं असलं की "पाणी", आणि माझं प्रगतिपुस्तक दाखवलं की "हं".

कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हा कट्टा समजावून सांगावा लागतो. संध्याकाळ झाली की गवळी आपल्या म्हशी चौकात आणतात, दगडी कट्ट्याला बांधतात आणि तुमच्यासमोर, तुमच्याच पेल्यात धार काढून देतात. तुम्ही ते दूध तिथंच उभ्यानं प्यायचं. बस, एवढंच. दुसऱ्या गावांत माणसं दिवसभराचं काम संपल्यावर जिथं जाऊन पितात, मोठमोठ्यानं बोलतात, भांडतात, पुन्हा गळ्यात गळे घालतात, तसलंच हे ठिकाण. पेल्यात दूध असतं इतकाच काय तो फरक. नशा मात्र चढायची. दुधावर झिंगलेली माणसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत आणि त्यात पहिला नंबर आमच्या आबांचा होता.

कट्ट्याच्या दगडात सात लोखंडी कड्या बसवलेल्या आहेत. कधी बसवल्या, कुणाला ठाऊक नाही. माझ्या आजोबांच्या लहानपणीही होत्या, एवढं आबा सांगायचे. प्रत्येक कडीचा गवळी ठरलेला, आणि गवळ्याची गिऱ्हाइकंही ठरलेली. आम्ही तिसऱ्या कडीची माणसं. चौथ्या कडीचं दूध चांगलं की तिसऱ्या कडीचं, यावर माझ्या देखत दोन चांगली शिकलेली माणसं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हती. म्हशी बदलल्या, गवळी म्हातारे होऊन त्यांची मुलं आली, कडी तीच राहिली. आणि त्या कडीपाशी कोण कुठं उभं राहणार हेही ठरलेलं. म्हशीच्या डाव्या अंगाला सोफे बनवणारे चाचा, उजव्या अंगाला आबा. त्या जागेवर दुसरं कुणी चुकून उभं राहिलं तर हाक यायची, "पावणं, जरा सरका की. जागा धरल्याली हाय ती."

आबांना ती जागा आजोबांकडून मिळाली होती. त्याचीही रीत होती. कट्ट्यावर पेला अर्धा टाकत नाहीत. घेतला तो संपवायचा. आजोबा थकले तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी अर्धा पेला प्यायला आणि उरलेला आबांच्या हातात दिला.  आबांनी तो संपवला, आणि दुसऱ्या दिवसापासून आजोबा कट्ट्यावर गेले नाहीत. हे मला चाचांनी सांगितलं. आबा असलं काही सांगणाऱ्यांतले नव्हते.

मी रोज किटली घेऊन आबांच्या मागं मागं जायची. घरचं दूध आणायचं काम माझं. पण मी उभी राहायची ती रस्त्याच्या पलीकडं, बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर. बायका-मुलींनी कट्ट्यावर उभं राहून प्यायचं नाही असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण कुणी प्यायचं नाही. किटली भरून झाली की गवळी हाक मारायचा, मी पळत जाऊन घ्यायची आणि पुन्हा पायरीवर. लगेच घरी जायला हवं होतं. मी जायची नाही. आईला सांगायची, गर्दी होती.

कारण त्या पायरीवरून मला माझे आबा दिसायचे. घरातले नव्हेत, कट्ट्यावरचे. रिकाम्या पेल्यात पहिली धार पडली की खणखणीत आवाज यायचा, मग फेस चढेल तसा तो आवाज दबत जायचा, आणि पेला भरला की आबांचा आवाज सुरू व्हायचा. काय तो आवाज! कुस्ती कुणी मारली, फुटबॉलमध्ये कुठल्या पेठेनं माती खाल्ली, पंचगंगेचं पाणी कुठवर आलं, सगळ्यावर त्यांचं मत. चाचांची तर ते पार सालटी काढायचे. "चाचा, तुमच्या सोफ्यावर बसल्यालं मानूस उठतंय का वो कवा? का खिळ्यात अडकतंय?" चाचा म्हणायचे, "तुमच्यासारखं जड मानूस बसलं तर सोफाच उठून जातोय." मग सगळा चौक हसायचा. आबांच्या मिशांवर पांढरा फेस आणि डोक्यामागं फेकलेली मान. मला तो माणूस हवा होता. त्याला घरी न्यावा, जेवताना आपल्या शेजारी बसवावा असं वाटायचं. पण कट्ट्यावरून परत येताना गल्लीच्या तोंडाशी आले की आबा मिशा पुसायचे, आणि घरात शिरायचे ते "झालं", "पाणी" आणि "हं"वाले.

मला राग यायचा त्यांचा. खोटं कशाला बोलू? बाहेरच्या लोकांना एवढं हसू आणि आम्हाला काहीच नाही. पुढं मी शिकले, शाळेत भूमिती शिकवायला लागले, लग्न झालं, उपनगरात फ्लॅट घेतला, आणि तो राग तसाच राहिला. मधल्या काळात धाकट्या भावाला आबांनी एकदा कट्ट्यावर नेलं. तो बेंगळुरूहून आला होता. त्यानं पेल्याकडं बघून नाक मुरडलं, उकळल्याशिवाय दूध पीत नाही म्हणाला. आबांनी दोन्ही पेले संपवले. मी तिथंच होते, किटली घेऊन. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही म्हणाले नाही की मला द्या.

आता तर कॉलेजच्या मुली सर्रास येतात, पेला हातात धरून फोटो काढतात, ओठांवरचा फेस दाखवून हसतात. त्यांना कोण अडवतंय? मलाही कुणी अडवलं नसतं. मी वेड्यासारखी बोलावण्याची वाट बघत राहिले.

आई गेल्यावर आबा पेठेतल्या त्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय ओढावा लागायचा, शब्द जड झाले. पेठेतला जिना म्हणजे शिडीच. मी त्यांना माझ्याकडं आणलं. लिफ्ट, कमोड, चाकाची खुर्ची, दिवसा सांभाळायला बाई. मी सोयीची माणूस आहे. अडचण दिसली की मला उत्तर काढल्याशिवाय चैन पडत नाही, शाळेतल्या फळ्यावरही आणि घरातही. आबांच्या खोलीला मी गॅलरीसुद्धा दिली होती. तिथून रिंग रोड दिसायचा.

पण आबा बोलायचेच बंद झाले. "हं"सुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, बोलायला येतंय त्यांना, बोलायचं नाहीये. पिशवीतलं दूध दिलं की दोन घोट घ्यायचे आणि कप बाजूला सारायचे. मला वाटलं, दुधाचंच दुखणं आहे. मग मी शाळा सुटली की स्कूटरवरून कट्टा गाठायची, किटलीत धार काढून घ्यायची आणि सगळे सिग्नल शिव्या देत पार करत घरी यायची. फेस बसायच्या आत पोचायचं, हा माझा पण. एकदाही जमलं नाही. आबा किटलीत डोकावायचे, घोटभर घ्यायचे आणि म्हणायचे, "निवलं." दोन महिने मी रोज तो एकच शब्द ऐकला. एके दिवशी मी तडकले. म्हटलं, "आता म्हैसच आणते दारात!"

बोलून गेले आणि मग तेच उत्तर मला पटलं.

तिसऱ्या कडीचा गवळी माझ्याच वयाचा. त्याच्या बापानं माझी किटली भरली होती. त्याला सांगितलं तर तो एका पायावर तयार झाला. "आणतो की अक्का. त्यात काय? शिंगमोडी माज्या गाडीमागं पार गडमुडशिंगी गावापतूर पळंल." खरंच होतं ते. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात आणि मालकाच्या मोटारसायकलच्या मागं पळवतात. मालकाच्या गाडीचा आवाज म्हैस हजारांच्या गर्दीत ओळखते. शिंगमोडी ही त्याची लाडकी म्हैस, डावं शिंग अर्ध्यातून मोडलेली, आणि आबा घर सोडेपर्यंत रोज तिच्याच उजव्या अंगाला उभे राहायचे.

रविवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकातून आधी मोटारसायकल आत आली आणि मागून दुडक्या चालीनं शिंगमोडी. वॉचमनच्या हातातली वही खाली पडली. गॅलऱ्या भरल्या, मोबाइल वर झाले. एका बाईंनी वरून विचारलं, ही जनावराची एंट्री कुणाकडं आहे? मी खालून ओरडले, "आमच्याकडं!" त्या दिवशी मला फार बरं वाटत होतं. आबांना चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं. खुर्ची बरोब्बर उजव्या अंगाला लावली. घरून पेलाही आणला होता, त्यांचा जुना, स्टीलचा, काठाला चेपलेला.

गवळ्यानं कासेवर पाणी मारलं, बोटांना तेल लावलं, खाली बसला. आचळं ओढली. काही नाही. पुन्हा पाणी, पुन्हा कुरवाळणं. पिशवीतली भिजवलेली पेंड तिच्यापुढं ठेवली. तिनं हुंगलीसुद्धा नाही. कान ताठ करून ती पार्किंगमधल्या गाड्यांकडं बघत उभी होती. पंधरा मिनिटं झाली. वरच्या गॅलरीतून कुणीतरी हसलं. गवळ्याच्या कपाळावर घाम आला.

"अक्का, हिनं असं कवा केलं न्हाय बगा. दूध चोरतीया. कास भरल्याली हाय, पर सोडीना झालीया."

तेव्हा आबा हसले. आधी खांदे हलले, मग घशातून खरखर आली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, पण हसूच होतं ते. त्यांनी उजवा हात लांब करून शिंगमोडीच्या पाठीवर ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "ती तरी काय करंल? हितं हाय कोण?"

मी तिथं होते. गवळी होता. माझा नवरा, वॉचमन, चार मजल्यांच्या गॅलऱ्या. आणि आबा विचारत होते, इथं आहे कोण.

मला आधी रागच आला. दोन वर्षं ज्यांचं हगणंमुतणं काढलं, त्यांच्या लेखी मी कुणीच नाही? वर जाऊन मी भांडी आपटली, नवऱ्यावर ओरडले. तो बिचारा म्हणाला, "तुझ्यावर कुठं बोलले ते? म्हशीबद्दल बोलले." मी त्यालाच चार शब्द सुनावले. तासाभरानं गवळ्याचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "अक्का, कट्ट्यावर पाय ठेवला आनि पान्हा सोडला बगा तिनं! कडीला बांदायचीबी सवड दिली न्हाय. चौकात माणसांचा कालवा चाललाय, त्यात हिनं निम्मं दूध रस्त्यावरच सांडलं."

मी फोन ठेवला. घरापासून कट्टा वीस मिनिटांवर. दारात गाडी. दोन वर्षांत मी आबांसाठी दूध आणलं, किटली आणली, शेवटी म्हैस आणली. आबांना तिथं न्यायचं मात्र माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. दगदग नको, गर्दी नको, धूळ नको. मी त्यांची सोय करत बसले होते. फळ्यावर एखादं पोरगं सगळी कृती बरोबर करतं आणि पहिलीच ओळ चुकीची उतरवून घेतलेली असते, त्याला मी किती बोल लावते! मी आबांच्या खोलीत गेले. त्यांना म्हटलं, "आबा, उद्या कट्ट्यावर जायचं?" त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सदरा धुतल्याला हाय का?"

दुसऱ्या दिवशी सहा वाजता गाडी चौकात लावली. मी डिकीतून चाकाची खुर्ची काढायला लागले तर आबांनी मान हलवली. नको. कट्ट्यावर कुणी बसून पीत नाही. बसून प्यायचं ते आजाऱ्यानं, घरात. मी म्हटलं, "आबा, पडाल." ते ऐकेनात. तोवर चौकात बोंब झाली होती. "आरं, आबा आलं! आबा आलं!" चाचा पुढं आले. पार थकलेले, डोळ्याला जाड भिंगं. त्यांनी आबांना डाव्या बगलेत धरलं, उजव्या बाजूनं मी, आणि असे आम्ही तिघं शिंगमोडीपर्यंत पोचलो. उजव्या अंगाची जागा रिकामी होती. मी चाचांकडं बघितलं. ते म्हणाले, "कोन उभारतंय हितं? दोन वरसं आमी धरून ठेवलीया."

चेपलेला पेला पुढं केला. पहिली धार पडली आणि तो खणखणीत आवाज आला. मग तो दबत गेला. फेस काठावर आला. आबांनी उजव्या हातात पेला घेतला. निम्मा फेस सदऱ्यावर गेला. चौकातला कालवा तसाच चालू होता, कुणी मुद्दाम गप्प बसलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. आबा सावकाश पीत होते, डोळे मिटून.

मग ते थांबले. पेल्यात अर्धं दूध होतं. मला वाटलं दमले. मी म्हटलं, "राहू दे आबा, गवळ्याकडं देते." त्यांनी पेला माझ्यापुढं धरला.

"पी."

मी चाचांकडं बघितलं. चाचांची मान खाली होती. गवळी हातातली धार थांबवून वर बघत होता. माझं वय चोपन्न. किटली घेऊन पलीकडच्या पायरीवर मी आयुष्याची निम्मी वर्षं काढली होती. मी एवढंच म्हणाले, "आबा, मी?"

"मग कोन? घे की."

मी प्यायले. कोमट, गोडसर, गवताचा थोडा वास असलेलं. एका दमात प्यायचं असतं हे मला बघून माहीत होतं, तरी ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, ते ठसक्याचं होतं असं मी नंतर घरी सांगितलं. पेला संपवून मी आबांच्या हातात दिला. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांची मान मागं गेली. तो आवाज आला. जड जिभेतून, तोंडाच्या एकाच बाजूनं, पण तोच, रस्त्यापलीकडून ऐकलेला.

"आरं बगा रं! माज्या पोरीला मिशी आली!"

सगळा चौक हसला. चाचा शेजारच्या माणसाला म्हणाले, "सरका वो पावणं जरा. तिला नीट उभारू द्या. जागा हाय तिची."

त्यानंतर आबा कट्ट्यावर गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणायचे, "तू जाऊन ये." मी परत आले की काय काय झालं ते मला सगळं सांगायला लावायचे, आणि मधे मधे "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये एवढं काही असतं हे मला तोवर कळलं नव्हतं. पावसाळ्याच्या शेवटी ते गेले.

त्याला आता दीड वर्ष झालं. सातांपैकी चारच कड्यांना म्हशी असतात. चाचा गुढघ्यांमुळं आठवड्यातून एकदाच येतात. मी शाळा सुटली की जाते, तिसऱ्या कडीला, उजव्या अंगाला, चेपलेला पेला घेऊन. भांडते, मतं देते, चाचा आले तर त्यांच्या सोफ्यांवरून त्यांना छळते. दूध संपलं की बाकीचे तोंड पुसतात. मी पुसत नाही. ओठांवरचा फेस वाळून ताणायला लागेपर्यंत तशीच उभी राहते. कुणीतरी म्हणेल, "मिशी आली!" असं वाटत राहतं.